मूर्खाच्या हाती

जुन्या पोथ्यांच्या शेवटी, ग्रंथ पुरा झाल्याचं लिहून झालं की नक्कल उतरवणारा लेखकू एक श्लोक बऱ्याचदा जोडून द्यायचा. त्यात बोलते ती पोथी. तेलापासून मला सांभाळ, पाण्यापासून सांभाळ, बांधणी सैल पडू देऊ नकोस आणि मूर्खाच्या हाती मला देऊ नकोस, एवढं तिचं मागणं. कराड तालुक्यातल्या एका पहिली ते चौथीच्या जिल्हा परिषद शाळेचं वाचनालय माझ्याकडे आहे. वाचनालय म्हणजे एक लोखंडी कपाट, एक सतरंजी आणि खिडकीला बांधलेल्या दोरीवर वाळत घातल्यासारखी टांगलेली पुस्तकं. त्या श्लोकाच्या हिशेबाने पाहिलं तर माझी रवानगी थेट नरकातच व्हायची.

तेल आहे: सोमवारी केस चप्प बसवून आलेली डोकी आणि दुपारच्या खिचडीनंतर चड्डीला पुसलेले हात. पाणी आहे: कपाटाच्या बरोबर वरचा पत्रा जूनमध्ये नेम धरून गळतो. बांधणीचं तर विचारूच नका. चित्रांची पुस्तकं सोळा-चोवीस पानांची, मधोमध दोन पिना. पावसाळ्यात त्या गंजतात, तपकिरी डाग दोन्ही पानांवर उतरतो आणि एके दिवशी मधला कागद सुटून हातात येतो. सेलोटेप लावला तर पिवळा पडून कडक होतो आणि निघताना अक्षरं घेऊन निघतो. म्हणून मी पिना काढून टाकते, टोच्याने तीन भोकं पाडते आणि गोधडीच्या जाड दोऱ्याने शिवते. गाठ आतल्या बाजूला घ्यायची. बाहेर ठेवली तर मुलं गोष्ट सोडून ती गाठच कुरतडत बसतात.

राहता राहिला मूर्ख. तो कोण, हे पोथीने सांगितलेलं नाही. माझ्या डोक्यात भुणभुण आहे ती त्याचीच.

आधी पोथीची बाजू घेतली पाहिजे, कारण तिला बाजू आहे. बोरूने एकेक अक्षर काढत कित्येक महिने घालवायचे, पाठ मोडायची, डोळे जायचे, तेव्हा एक प्रत तयार व्हायची. गावात तेवढी एकच. ती कोणी चुलीपाशी नेली की ग्रंथच गेला. असा माणूस जर म्हणाला की, बाबा, जरा हात बघून दे, तर त्यात गैर काय? एवढ्यापुरतं मूर्ख म्हणजे धसमुसळा, इतकंच. अडचण पुढे होते. हात कसा आहे हे बघता बघता हात कोणाचा आहे हे बघायला आपण कधी लागतो ते कळतही नाही. आपल्या परंपरेत या दुसऱ्या बघण्याला भारदस्त नाव मिळालं, अधिकार. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायात अपशूद्राधिकरण नावाचं एक प्रकरणच आहे आणि शंकराचार्यांनी त्यावर भाष्य करताना वेदाध्ययनाचा अधिकार शूद्रांना नाही असं सिद्ध केलं आहे. केवढा बुद्धिमान माणूस, आणि ती सगळी बुद्धी दाराला कडी घालण्यात खर्च झालेली बघून मला आजही वाईट वाटतं.

त्या दाराबद्दल आपल्याकडे दोघांनी जे म्हटलं ते मला कोणत्याही ग्रंथालयशास्त्रापेक्षा जवळचं आहे. पहिले ज्ञानेश्वर. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ते वेदाला चक्क कृपण म्हणतात. घरात एवढी संपत्ती, आणि बोलायचं ते तीनच वर्णांच्या कानात! मग स्वतःचं हे उणेपण भरून काढायला वेदच गीतेच्या रूपाने सगळ्यांसाठी आला, अशी त्यांची मांडणी. म्हणजे दोष ऐकणाऱ्याच्या कानात नव्हता, देणाऱ्याच्या हातात होता. दुसरी मुक्ता साळवे. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिचा मुद्दा सरळ आहे आणि त्याला उत्तर नाही. वेद जर ब्राह्मणांचेच, आम्ही ते बघायचेसुद्धा नाहीत, तर आम्हाला धर्माचं पुस्तकच नाही. मग आमचा धर्म कोणता ते देवाने सांगावं. पुस्तक न देणाऱ्याला वाटत असतं की आपण फक्त पुस्तक राखलं. समोरच्याचा देवच आपण अडवून धरला, हे मुक्ताने दाखवून दिलं, तेही शाळकरी वयात.

आता कोणी म्हणेल, बाई, ते दिवस गेले. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला वाचनालय हवं आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही हवीत असं लिहिलेलं आहे. मुलांना पुस्तक देऊ नका असं आता कोण म्हणतं? म्हणत कोणीच नाही. कपाटाची किल्ली बोलते. एका शाळेत मी पाहिलं आहे, पुस्तकं इतकी कोरी की पानं एकमेकांना चिकटलेली. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा दिला, ‘पुस्तके सुस्थितीत’.

आमचे मुख्याध्यापक, ज्यांना गाव अजून गुरुजीच म्हणतं, किल्ली ठेवणाऱ्यांतले नाहीत. पण हिशेब ठेवणाऱ्यांतले आहेत. बदली झाली की चार्ज द्यावा लागतो, यादीतलं एकेक पुस्तक मोजून. कमी भरलं तर उत्तर त्यांना द्यायचं. फाटलेल्या-हरवलेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा, तो वर जायचा आणि वरून परत यायला त्याला पाय फुटावे लागतात. त्यामुळे आमचा वाद तत्त्वाचा असला तरी सुरू होतो तो नोंदवहीच्या एखाद्या ओळीवरून.

सगळ्यात जास्त वाद होतो तो हंगामात. कारखाने पेटले की बीड-पाटोद्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाच्या कडेला कोप्या पडतात आणि आमच्या वर्गात नवी मुलं बसतात. काहींच्या हातात शिक्षण हमी कार्ड असतं, काहींच्या कडेवर धाकटं भावंड. अशीच एक तिसरीतली मुलगी. शनिवारी पुस्तकं घरी द्यायची वेळ झाली तेव्हा ती रांगेच्या बाहेर उभी. रांग आपल्यासाठी नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते तिला माहीतच होतं. मी तिला आत घेतलं. तिने एका शेळीच्या गोष्टीचं पुस्तक काढलं, ओढणीच्या टोकाने आधी हात पुसले आणि मग ते धरलं.

गुरुजी माझ्याकडे बघून म्हणाले, “बाई, हिला पुस्तक म्हणजे कन्यादान. परत माहेरी यायचं नाही.”

हसू मलाही आलं. गुरुजींच्या डोक्यात ते सुभाषित होतं, लेखणी, पुस्तक आणि बायको दुसऱ्याच्या हाती गेली म्हणजे गेलीच, असं सांगणारं. (ज्याने ते रचलं त्याने बायकोला कपाटात धरलंय, तो वाद पुन्हा कधीतरी.) आणि गुरुजी नेमकं बरोबर बोलले होते. टोळी कोणत्या रात्री हलेल हे मुकादमाशिवाय कोणाला ठाऊक नसतं. एक फड संपला की गाडी दुसऱ्या गावात. तारखेला पुस्तक परत, हा नियम तारखेवर ताबा असलेल्यांसाठी असतो.

मग पुस्तक द्यायचं कशाच्या भरवशावर? गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगितलं आहे: परतफेडीची आशा न धरता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला. गुरुजी त्यातल्या शेवटच्या अटीवर बोट ठेवतात. बघा, गीतासुद्धा पात्र बघून द्या म्हणते. माझं म्हणणं असं की वाचनालय दानात बसतच नाही. दान देणारा देऊन मोकळा होतो. पुढे घेणाऱ्याने त्याचं काहीही करो. उसनं देणारा मोकळा होत नाही. त्याने परतफेडीची आशा धरायचीच आहे, नाहीतर पुढच्या पोराला काय देणार? आणि तरीही ती पुरी होईल याची खात्री न मागता द्यायचं. हे दानापेक्षा अवघड आहे, असं मला वाटतं.

शिवाय पात्रता तपासायची कशी? जिच्या घरात कधी पुस्तक आलंच नाही, ती पुस्तक सांभाळते की नाही याचा पुरावा तिने आणायचा कुठून? पुस्तक दिल्यावरच तो तयार होणार. म्हणजे आधी पात्रता आणि मग पुस्तक असा क्रम लावला की ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत त्यांनाच पुस्तकं मिळत राहणार, आणि आपण मात्र म्हणणार, आम्ही जात नाही बघितली, नीटनेटकेपणा बघितला.

गुरुजी असे सहज ऐकत नाहीत. छांदोग्यातला सत्यकाम त्यांनी काढला. गौतम ऋषींकडे शिकायला आलेला, ज्याला स्वतःचं गोत्र माहीत नाही असा मुलगा. “गौतमांनीसुद्धा आधी विचारलंच ना? खरं बोलला म्हणून पात्र ठरवला ना?” वरवर बघता गुरुजी जिंकले. किंबहुना शांकरभाष्यात ही गोष्ट त्याच अधिकरणात पुरावा म्हणून येते: तो शूद्र नाही याची खात्री झाल्यावरच गौतमांनी त्याचं उपनयन केलं, असा तिचा अर्थ लावलेला. मला त्या गोष्टीचा पुढचा भाग आवडतो. मुंज लावल्या लावल्या गौतम त्याला चारशे रोड, अशक्त गायी हवाली करतात आणि रानात पाठवतात. हजार झाल्याशिवाय परतणार नाही, असं तो म्हणतो. अनामत नाही, जामीन नाही, पालकाची सही नाही. कालपर्यंत ज्याचं गोत्र ठाऊक नव्हतं, त्याच्या मागे चारशे गायी! त्या मेल्या असत्या तर गौतमांनी निर्लेखनाचा प्रस्ताव कोणाकडे पाठवला असता?

ती मुलगी पहिलं पुस्तक घेऊन आली, दुसरं नेलं. कोपीत दिवे लागायच्या आत धाकट्याला वाचून दाखवते म्हणाली. शेळीचं पुस्तक तिने पुन्हा मागितलं, कारण आईने ऐकलं नव्हतं. आई त्या दिवशी मोळ्या वाहून पडल्या पडल्या झोपली होती. मग कारखान्याचा पट्टा पडला आणि एका सकाळी कोप्यांच्या जागी नुसती पाचट. शेळीचं पुस्तक नोंदवहीत तिच्या नावावर आहे. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली, पेनाने नाही.

अधिकाराचं भूत फक्त जातीच्या किंवा गरिबीच्या दारात उभं असतं असंही नाही. ते प्रेमळ रूपातही येतं. हल्ली मुलांच्या पुस्तकांवर स्तर छापलेले असतात. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर १ ते ४. उपयोगी आहेत ते, मलाही पुस्तक काढून देताना बरं पडतं. पण पहिलीतला एक बहाद्दर दर शनिवारी शिवाजी महाराजांचं बिनचित्रांचं जाडजूड चरित्र नेतो. त्याला त्यातलं ‘श’ तेवढं ओळखता येतं. वर्गातल्या मोठ्या पोरी त्याला म्हणतात, तुला नाही कळायचं. तो ते काखेत मारून गावातून हिंडतो. त्याला ते पुस्तक दिलं तर वाया गेलं का? रंगनाथन गणिताचे प्राध्यापक होते, मग मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम छापले. पहिला नियम वापराचा. तो समजावताना त्यांनी युरोपात पूर्वी साखळीने बांधून ठेवलेल्या ग्रंथांची आठवण काढली आहे. काखेत मारून हिंडणं हा त्यांच्या लेखी वापर ठरला असता की नाही, सांगता येत नाही. माझ्या लेखी ठरतो.

आणि पावित्र्याचं काय? दसऱ्याला पाटीपूजनासाठी मुलं पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढतात. एका घरी वाचनालयाचंच पुस्तक पाटाशेजारी मांडलं गेलं. ते परत आलं तेव्हा मुखपृष्ठावरच्या हत्तीच्या कपाळावर हळद-कुंकू होतं, एक झेंडूची पाकळी आत दबलेली, आणि मुलगा म्हणाला, “आजीनं उघडू दिलं नाही, पूजेचं झालंय म्हणाली.” त्या आजीला अक्षर येत नाही. तिच्या लहानपणी पुस्तक फक्त लांबून नमस्कार करण्यापुरतंच तिच्या वाट्याला आलं असणार. तिच्या श्रद्धेला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण पुस्तकाला पाय लागला तर डोळ्यांना लावून क्षमा मागणारी मुलं मला आवडतात, आणि त्याच पुस्तकावर पालथी पडून, कोपर रुतवून वाचणारी जरा जास्त आवडतात. मी त्या मुलाला ते पुस्तक परत दिलं आणि आजीला वाचून दाखव म्हटलं. दाखवलं का, ते मी विचारलेलं नाही.

सध्या आमचा नवा वाद चालू आहे. समग्र शिक्षेतून वाचनालयासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात. या खेपेस आले तर प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती घ्यायच्या असा माझा आग्रह आहे: एक गावात फिरायला, एक टोळीबरोबर गेली तरी चालेल अशी. गुरुजी म्हणतात, म्हणजे पुस्तकं निम्मीच येणार, आणि आमच्या चौथीतल्या ज्या पोरांनी कपाट दोनदा वाचून संपवलंय त्यांनी काय करायचं? हे त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही. कागदावर दोन याद्या तयार आहेत, एक त्यांच्या अक्षरात, एक माझ्या. शेळीचं पुस्तक दोन्ही याद्यांत आहे.