गावाचा होकार आणि स्वयंसेवकाचा मुक्काम

वेस्ट इंडीजच्या एखाद्या बेटावर दोन वर्षे स्वयंसेवक म्हणून राहण्याचा विचार कोणा तरुणाने बोलून दाखवला, की अंबरनाथ-बदलापूरच्या घरांतून एक प्रश्न ठरल्यासारखा पुढे येतो: सेवाच करायची, तर इथे काय कमी आहे? विचारणाऱ्यांच्या मनात खर्चाची, सुरक्षिततेची आणि उमेदीच्या वर्षांची काळजी असते आणि ती रास्तच आहे. पण प्रश्नाला जो नैतिक सूर लागतो तो या काळजीतून आलेला नसतो. त्यामागे दोन गृहीते असतात. जवळच्या माणसाचा आपल्या मदतीवर पहिला हक्क आहे, हे पहिले. आणि जवळचा माणूस आपल्याच भाषेचा नि मुलखाचा असल्यामुळे त्याला मदत करताना आपल्या हातून चुका कमी होतात, हे दुसरे. पहिल्याशी भांडण्याचे कारण नाही. दुसरे मात्र इतक्या सहज मान्य केले जाते की ते तपासण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

राष्ट्र सेवा दल, सोमनाथची श्रमसंस्कार छावणी, साने गुरुजी आणि बाबा आमटे ही परंपरा मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. तिच्याविषयी लिहिताना बहुधा त्याग आणि ध्येय यांवर भर दिला जातो, आणि स्वयंसेवकाचा रोजचा दिवस मात्र दुर्लक्षित राहतो. वास्तविक सेवेचे खरे स्वरूप त्या दिवसात कळते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी मार्च १९६१ मध्ये पीस कोअर ही सरकारी संस्था स्थापन केली. तरुणांनी दोन वर्षे दुसऱ्या देशात, तिथल्या लोकांच्या जवळपास राहणीमानाने राहून काम करावे, अशी तिची कल्पना होती, आणि पहिल्याच वर्षी ज्या देशांत तिचे स्वयंसेवक गेले त्यांत कॅरिबियनमधले सेंट लुसिया हे छोटे बेट होते. पूर्व कॅरिबियनमधल्या बेटांवर आजही हे स्वयंसेवक मुख्यत्वे प्राथमिक शाळांत मुलांना वाचायला-लिहायला शिकवतात. सुरुवातीचे काही आठवडे ते स्थानिक कुटुंबात राहतात, कपडे हाताने धुतात, पावसाचे पाणी साठवायला शिकतात, मिनीबसमध्ये किंवा दुकानात शिरताना सर्वांना अभिवादन केले नाही तर उद्धट ठरतात, आणि जून ते नोव्हेंबर या वादळांच्या महिन्यांत बेटावरच्या प्रत्येक घराबरोबर आकाशाकडे लक्ष ठेवतात. सेंट लुसियात वर्गातली अनेक मुले घरी क्वेयोल बोलतात, म्हणजे फ्रेंच शब्दांवर उभी राहिलेली बेटाची स्वतःची भाषा, आणि शाळेत त्यांना इंग्रजीत वाचावे लागते. त्यामुळे शिकवणाऱ्यालाच आधी विद्यार्थी व्हावे लागते.

या दिनक्रमातून पाहुणा आणि रहिवासी असा एक भेद स्पष्ट होतो, आणि स्वयंसेवेचा विचार करताना तो फार उपयोगी पडतो. पाहुण्याला पाणी दिले जाते. रहिवासी पाण्याच्या रांगेत उभा असतो. पाहुण्याच्या चुका हसण्यावारी नेल्या जातात. रहिवाशाला त्या निस्तराव्या लागतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, बहुतेक सहकारी परतल्यावरही तिथेच राहिले, चिनी भाषेत शिकवू लागले, तिथेच त्यांनी लग्न केले आणि १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच त्यांचा अंत झाला. पाहुण्याचा रहिवासी होण्याचे याहून पूर्ण उदाहरण मराठी माणसाला ठाऊक नाही. उलट दिशेचे उदाहरण मध्य रेल्वेच्याच मार्गावर आहे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, पीस कोअरमधून विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आल्या आणि जवळपास दोन वर्षे तिथल्या आरोग्यसेवेत काम करत राहिल्या.

आता हाच निकष उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या महाविद्यालयांना लावून पाहावा. राष्ट्रीय सेवा योजना, जिला विद्यार्थी एनएसएस म्हणतात, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचे निवासी शिबिर, असा तिचा साचा आहे. सात दिवसांत कोणी रहिवासी होत नाही, हे उघड आहे. पण अडचण त्याहून खोल आहे. अंबरनाथ तालुक्यातल्या डोंगरपायथ्याच्या अनेक वाड्या कातकऱ्यांच्या आहेत. खैराच्या झाडापासून कात काढणारा हा समाज केंद्र सरकारने विशेष असुरक्षित ठरवलेल्या महाराष्ट्रातल्या तीन आदिवासी जमातींपैकी एक आहे. जंगलातला तो धंदा संपल्यावर त्यांतली असंख्य कुटुंबे पावसाळ्यातच वीटभट्टीमालकाकडून उचल घेतात, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आणि ती फेडण्यासाठी दिवाळीनंतर बायकामुलांसह भट्टीवर जाऊन थेट पावसाच्या तोंडावर परततात. महाविद्यालयांची शिबिरे बहुतेक करून हिवाळ्याच्या सुट्टीत भरतात. याचा अर्थ असा, की ज्यांच्यासाठी रस्ता साफ होतो, पथनाट्य बसते आणि आरोग्य तपासणी होते, त्यांतली बरीच माणसे त्या आठवड्यात वाडीत नसतात. असतात ती म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली थोडी मुले. भट्टीचे वेळापत्रक शिबिराचा आराखडा करणाऱ्यांना ठाऊक नसते, कारण ते वाडीला विचारलेले नसते.

अशा सगळ्या उपक्रमांवर सर्वांत कठोर हल्ला इव्हान इलिच यांनी केला. व्हिएन्नात जन्मलेले हे कॅथलिक धर्मगुरू न्यूयॉर्कमध्ये प्वेर्तो रिकोच्या स्थलांतरितांत राहिले होते, पुढे त्याच कॅरिबियन बेटावर एका विद्यापीठाचे उपप्रमुख होते, आणि नंतर मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका इथे त्यांनी आपले अभ्यासकेंद्र काढले. एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोच्या खेड्यांत उन्हाळी सेवेसाठी जाऊ पाहणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर बोलताना त्यांनी सांगितले, की सदिच्छा घेऊन येणारा श्रीमंत देशाचा तरुण गरिबाला काही देत नाही, फक्त स्वतःच्या जीवनपद्धतीची जाहिरात करतो. म्हणून त्याने पाहायला यावे, शिकायला यावे, डोंगर चढावेत, पण मदत करायला येऊ नये.

या भाषणाचा दरारा आजही टिकून आहे आणि त्यातला बराच भाग खरा आहे. तरीही इलिच एका ठिकाणी कमालीचे घाईत आहेत. देणारा बलवान आणि घेणारा दुबळा, एवढ्या दोन पात्रांवर त्यांनी सगळा विचार उभा केला, आणि घेणाऱ्याच्या हातात असलेली निवड त्यांनी जवळजवळ हिशेबातच धरली नाही. पाहायला यावे पण मदतीला येऊ नये, हा सल्ला तर त्यांच्याच तत्त्वाशी विसंगत आहे. दुसऱ्याचे दारिद्र्य पाहून, त्याचा अभ्यास करून, रिकाम्या हाताने निघून जाणारा माणूस त्या गावावर कमी अन्याय करतो, असे मानायला काहीही आधार नाही. वाडीत येऊन प्रश्नावल्या भरून नेणारे अभ्यासक कातकऱ्यांनी पुष्कळ पाहिले आहेत.

घेणारा किती स्वतंत्रपणे वागू शकतो, हे पाहण्यासाठी कॅरिबियन बेटांतल्याच एका झाडाची गोष्ट थोडे विषयांतर पत्करून सांगण्यासारखी आहे. कोकणात ज्याची कापे आवडीने तळली जातात ते नीरफणसाचे झाड मूळचे प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे. उसाच्या मळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात पोसता यावे म्हणून ब्रिटिशांनी कॅप्टन ब्लाय यांना ताहितीला पाठवले. पहिली सफर जहाजावरच्या बंडामुळे फसली, तरी १७९३ मध्ये दुसऱ्या सफरीतून रोपे सेंट व्हिन्सेंट आणि जमैका इथे पोहोचली. ज्यांच्यासाठी ती आणली त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि सुरुवातीला त्यांना ते फळ रुचलेही नाही. गुलामगिरी गेली, मळेवाल्यांचा हिशेब इतिहासजमा झाला, आणि मग त्याच लोकांनी ते फळ आपल्या पद्धतीने निखाऱ्यावर भाजून, मासळीबरोबर वाढून आपले करून घेतले. आज भाजलेला नीरफणस आणि तळलेली मासळी हे सेंट व्हिन्सेंटचे राष्ट्रीय अन्न मानले जाते. लादलेली वस्तूसुद्धा माणसे नाकारतात, तपासतात आणि पटली तर स्वतःच्या अटींवर घेतात. इलिच यांच्या मांडणीत या सावकाश चालणाऱ्या शहाणपणाला जागा नाही.

उल्हासनगरचा जन्म हा तर याच शहाणपणाचा पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या कल्याण छावणीत फाळणीनंतर जवळपास एक लाख सिंधी निर्वासित आले, लांबलचक बराकींत पडदे लावून संसार मांडले गेले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीत शिधा आणि औषधे बाहेरून आली, यात शंका नाही. पण शाळा, छोटे कारखाने, बाजार आणि पुढे १९६५ मध्ये उभे राहिलेले चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय हे सगळे सिंधी समाजाने स्वतः उभारले. शिकलेली, व्यापारात मुरलेली, सरकारदरबारी अर्ज लिहिता येणारी माणसे त्यांच्यात होती, म्हणून दात्याशी वाद घालण्याचे बळ त्यांच्यापाशी होते. मदत घेऊनही हा समाज कोणाचा दत्तक झाला नाही.

इथपर्यंत आल्यावर पाहुणा आणि रहिवासी हा भेदच अपुरा वाटू लागतो, आणि २७ जुलै २०१९ ची घटना तो पुरता मोडून टाकते. उल्हास नदीच्या पुरात मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान चामटोलीजवळ अडकली आणि सुमारे १०५० प्रवाशांनी रात्र पाण्याने वेढलेल्या डब्यांत काढली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आणि नौदलाची पथके आली, आसपासच्या गावांतले लोक धावले, आणि दुपारपर्यंत सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आले. गावकरी इथले रहिवासी होते, जवान काही तासांचे पाहुणे. तरी दोघांच्या मदतीत नैतिक फरक काढता येत नाही, कारण अडकलेल्यांनी दोघांनाही हाक मारली होती आणि काय हवे आहे हे त्यांना सांगता येत होते. मुक्कामाची लांबी हा निकष इथे निरुपयोगी ठरतो. कोटणीसांकडेही मग वेगळ्या नजरेने पाहावे लागते. ते चीनमध्ये राहिले हे मोठेच. पण त्याआधी चिनी सेनानी चू ते यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले होते, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. विक्रोळीच्या लिलियन कार्टर ज्या संस्थेतून आल्या, तिचे भारतातले काम १९७६ मध्ये संपले, कारण भारत सरकार तिच्या स्वयंसेवकांची संख्या कमी करत गेले आणि तसे करण्याची त्याची ताकद होती.

म्हणजे खरा प्रश्न स्वयंसेवक किती दिवस राहिला हा नाही, किती दुरून आला हाही नाही. ज्यांच्यासाठी तो आला त्यांना नाही म्हणता येत होते का, हा आहे. इथे इलिच यांना त्यांचे श्रेय दिले पाहिजे. गरिबांत काम करायचेच असेल तर निदान जे तुम्हाला चालते व्हायला सांगू शकतील अशा गरिबांत करा, असे त्याच भाषणात ते सांगून गेले. पण असे गरीब स्वतःच्या देशात सापडतील असे त्यांनी धरून चालावे, ही त्यांची चूक बदलापूरच्या परिसरात ढळढळीत दिसते. कातकरी वाडीतली पुष्कळ घरे दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभी असतात. रेशनकार्ड, जातीचा दाखला आणि घरकुल यांसाठी तिथल्या माणसाला ज्यांच्या दारात उभे राहावे लागते, त्यांच्याच सोबतीने महाविद्यालयाचे शिबिर वाडीत येते. अशा वेळी मान हलवण्यावाचून ती माणसे दुसरे काय करणार? शहरातल्या विद्यार्थ्याला त्या वाडीची भाषा कळते, लोकलने उतरून रिक्षाने तिथे जाता येते, आणि तरीही वाडीला नकार देता येत नाही. हजारो मैलांवरच्या बेटावरचा मुख्याध्यापक मात्र, शिक्षक नको, पुढच्या वर्षी पाहू, असे कळवू शकतो. जवळीक ही निर्दोषतेची हमी नव्हे. सेवेच्या पदराआड उभी असलेली सत्ता घराजवळ अधिक बळकट असते, कारण घराजवळच आपली ओळख, आपली जात, आपल्या संस्थेचे वजन आपल्याबरोबर चालत येते.

तेव्हा कॅरिबियनला निघालेल्या तरुणाला, इथे काय कमी आहे, असे विचारणाऱ्यांनी तिथल्या शाळेने तुला बोलावले आहे का, एवढेच विचारावे, आणि बोलावले असेल तर त्याला जाऊ द्यावे. आणि या तीन शहरांतल्या महाविद्यालयांनी शिबिराचे गाव ठरवण्याआधी पावसाळ्यात, भट्टीवरची माणसे घरी असताना, सरपंच आणि अधिकारी यांना बाजूला ठेवून वाडीतल्या बायका-पुरुषांसमोर बसावे, काय हवे आहे ते ऐकावे, आणि शिबिरच नको असे उत्तर आले तर ते अहवालात तसेच लिहून त्या वर्षी तिथे जाऊ नये. पुढच्या पावसाळ्यात मात्र पुन्हा विचारायला जावे.