विक्रेत्याचा धर्म

वस्तू विकली की विकणाराचा तिच्याशी संबंध संपला, असा व्यवहारातील समज आहे. दाम मोजून घेतले, माल हाती दिला. पुढे त्या मालाने पुण्य जोडले काय किंवा पाप, त्याचा धनी घेणारा. मीठमिरचीच्या बाबतीत हा समज कोणास खटकत नाही. परंतु विकलेली वस्तू शस्त्र असेल तर तो कितपत टिकतो, हा प्रश्न एका लहानशा प्रसंगाने आमच्यापुढे उभा केला.

मुळशीकडील एका खेड्यात भातशेती करणारे एक वृद्ध गृहस्थ आमच्या वीस वर्षांच्या परिचयाचे. राबासाठी झाडांचा टहाळ तोडावयास त्यांस नवा कोयता हवा होता, म्हणून त्यांच्यासह आम्ही पुण्यातील एका दुकानी गेलो. कोयताधारी टोळ्यांनी शहरात दहशत माजविल्यामुळे, कोयता घेणाराचे आधारकार्ड घेऊन नोंद ठेवा, असे पुणे पोलिसांनी 2023 साली दुकानदारांस बजावले होते. आमची गोष्ट त्याच सुमाराची. वृद्धाजवळ कार्ड नव्हते. ते चिडून म्हणाले, “शेतकऱ्याला कोयत्यासाठी बी जामीन लागतो व्हय?” दुकानदार शांतपणे म्हणाला, “बाबा, तुमच्यावर संशय नाही. पण तुम्हांला ओळखणारं इथं कोण आहे?”

वृद्धाचा राग निराधार म्हणता येणार नाही. 1878 च्या शस्त्रकायद्याने या देशातील प्रजेस निःशस्त्र केले व युरोपियनांस मोकळीक दिली. तो अपमान मागील पिढ्यांच्या जिव्हारी लागला होता. 1931 च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला तो याच भावनेने. स्वतंत्र भारताच्या 1959 च्या कायद्यानेही बंदूक व काडतुसे यांच्या विक्रीस परवान्याचे कुंपण घातले. मात्र केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगाची अवजारे शस्त्राच्या व्याख्येतून वगळली. व्याख्या शहाणपणाची आहे. परंतु अवजाराचे शस्त्र होते ते हातात पडल्यावर, आणि तो हात कोणाचा हे कायद्याच्या पुस्तकास दिसत नाही.

मग ते पाहावे कोणी? अमेरिकेत हाच वाद बंदुकांवरून झाला. फ्लोरिडातील पार्कलँड येथील शाळेत 2018 साली सतरा जीव गेल्यावर वॉलमार्ट व डिक्स या मोठ्या दुकानांनी एकवीस वर्षांखालील ग्राहकास बंदूक न विकण्याचे ठरविले. 2019 साली एल पासो येथे वॉलमार्टच्याच दुकानात हत्याकांड झाले, तेव्हा तिने पिस्तुलाच्या काडतुसांची विक्री थांबविण्याचे जाहीर केले. काही ग्राहकांनी धन्यवाद दिले. काहींनी विचारले, कायदा जे विकू देतो ते नाकारणारे तुम्ही कोण?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या परंपरेत जुने आहे. बुद्धाने उपासकांस वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार येतो. महाभारतातील तुलाधार जाजलीस धर्म सांगतो तो दुकानात बसून. नाना रस विकणारा तो वाणी मद्य मात्र विकीत नाही. त्यास कोणा राजाने मना केले होते म्हणून नव्हे. कायदा मुभा देतो, आज्ञा करीत नाही. मुभेचा उपयोग करावा की नाही हे ठरविण्याचे ओझे विकणाराच्याच शिरावर राहते.

अर्थात या विवेकात एक धोका आहे. मळकट धोतर किंवा पडेल जात पाहून संशय घेणारा दुकानदार विवेकी नव्हे, उद्धट होय. म्हणून विचारणा सर्वांस सारखी हवी, आणि नकार माणसाच्या रूपावरून नव्हे, तर त्याच्या बोलण्यातून व वागण्यातून दिसलेल्या हेतूवरून द्यावा. खेड्यातील लोहार कोयता घडविताना “कशाला हवा?” असे सहज विचारी. त्यात अपमान नसे, कारण त्यामागे ओळख होती. शहरात ओळख उरली नाही, म्हणून कागद आला. परंतु कागदाने नाव कळते, माणूस कळत नाही.

शेवटी त्या दिवशी आम्ही आमचे कार्ड पुढे केले. दुकानदार आमचे नाव लिहून घेत असता, ज्या गृहस्थांवर आम्ही आमचे घरही निःशंकपणे सोपविले असते, त्यांच्याविषयी क्षणभर मनात आले: ‘हा कोयता पुढे दुसऱ्या कोणाच्या हाती गेला तर?’ त्या शंकेची आम्हांस लाज वाटली. तथापि घरी येऊन विचार करता वाटले की, लाजेसारखे त्यात काही नव्हते. वहीत आपले नाव पडताच आमच्या अंतःकरणात जे जागे झाले, ते प्रत्येक विक्रेत्याच्या ठायी नित्य जागे असावयास पाहिजे. वहीत ग्राहकाचे नाव लिहिणारा आपलेही नाव त्याच ओळीत आहे असे मानील, तर पोलिसांस ती वही उघडण्याचे प्रसंग पुष्कळ कमी येतील.