हवा कुठून येते?

माणसावर ठपका ठेवायला किती पुरावा पुरतो? हा प्रश्न मी आयुष्यभर वर्गात शिकवला. खऱ्या अर्थाने तो मला पडला निवृत्तीनंतर, शिवाजी पेठेत, उभा मारुती चौकापासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या डिझेल पिकअपखाली डोके घालून बसलेल्या मेस्त्रीशेजारी.

गाडी आमच्या घरची. धाकट्या भावाचा गुळाचा व्यापार त्याच्या पश्चात माझ्या गळ्यात आला, तिच्यासकट. गगनबावड्यावरून गूळ कोकणात उतरवायचा आणि येताना नारळ भरून करूळचा घाट चढायचा, असा तिचा क्रम. उतरताना गाडी गुणी. चढताना मात्र भर घाटात आचके देई आणि बंद पडे. ड्रायव्हर खाली उतरून फीडपंपावरचा हातपंप वीस-पंचवीस वेळा मारी, की पुन्हा सुरू.

असे तीनदा झाले. ड्रायव्हर म्हणाला, "सर, कुठनंतरी हवा वडतीया." मी ते ऐकले, पण ऐकून घेतले नाही. माझे निदान आधीच ठरलेले होते. हा पोरगा वाटेत कुठे तरी स्वस्तातले भेसळीचे डिझेल भरतो, फरकाचे पैसे खिशात घालतो आणि त्या घाणीने पंप खराब झाला आहे! एका गॅरेजवाल्याने गाडी न चालवताच "पंप गेला" असे सांगितले, आणि माझ्या संशयाला शास्त्राचा आधार मिळाला. एकाच आठवड्यात मी पंप बदलला आणि ड्रायव्हरही बदलला.

पुढे अडीच महिने गाडी निमूट चालली. मी मनाशी म्हटले, बघा.

त्या 'बघा'त काय दडले होते, हे मला नंतर कळले. आपल्याकडे काकतालीय न्याय सांगतात. कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणी फळ पडले. मराठीत आपण कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ म्हणतो. मुलांना हे समजावताना मी नेहमी हसत असे. पण कावळा आपल्याला आधीपासूनच आवडत नसेल, तर फांदी त्यानेच मोडली याबद्दल शंका कोण घेईल?

अडीच महिन्यांनी गाडी त्याच घाटात बंद पडली. नवा पंप, नवा ड्रायव्हर, जुनेच दुखणे.

तेव्हा गाठले या मेस्त्रींना. उमेदवारी उद्यमनगरात ऑइल इंजिनांवर झालेली. उसाला पाणी पाजणाऱ्या त्या इंजिनांनी कोल्हापुरात कितीतरी असे कान तयार केले. त्यांनी पंपाला हात लावला नाही. आधी विचारले, "जुना पंप ठेवलाय का इकला?" सुदैवाने परड्यात गोणपाटात पडून होता.

मग त्यांनी मला समजावले. फीडपंपाचे काम टाकीतून डिझेल ओढायचे आणि फिल्टरमधून मोठ्या पंपाकडे ढकलायचे. ढकलण्याच्या बाजूला चीर पडली, तर डिझेल बाहेर ठिबकते आणि आंधळ्यालाही सापडते. ओढण्याच्या बाजूला मात्र चालत्या इंजिनात नळीतला दाब बाहेरच्या हवेहून कमी. तिथे चीर पडली की हवाच आत शिरते. डाग नाही, ओल नाही. चढाला इंजिन जास्त डिझेल मागते, पंप ओढतो आणि डिझेलबरोबर हवा येते. दिसतो तो बिचारा पंप, कामात कमी पडलेला.

नंतर परीक्षा. पाच लिटरचा स्वच्छ डिझेलचा डबा, पारदर्शक नळी थेट पंपाला. टाकी आणि तिचा पाइप बाजूला. डबा त्यांनी वर टांगला नाही. "वर टांगला तर डिझेल आपसूक उतरतंय. मग पंपाची परीक्षा कसली?" तो क्लीनरच्या पायाशी घट्ट बांधला, माल भरला आणि गाडी पन्हाळ्याच्या चढाला घातली. एकदाही आचका नाही. परत येऊन टाकीचा पाइप जोडला, मध्ये तीच नळी. इंजिन तापवले, आणि नळीतून बुडबुड्यांची माळ चालू झाली. टाकीच्या झाकणाचे भोक पाहिले, आतली जाळी पाहिली, दोन्ही मोकळी. शेवटी चासीला घासणाऱ्या रबरी जोडाच्या खालच्या अंगाला, क्लिपेलगत, केसाएवढी चीर सापडली. "पंप बदलताना पाइप हालला आसंल, चीर दबली आसंल," मेस्त्री म्हणाले. अडीच महिन्यांचे माझे 'बघा' ते एवढेच!

पण त्यांचे समाधान झाले नव्हते. जोड बदलल्यावर त्यांनी गोणपाटातला जुना पंप पुन्हा बसवला आणि गाडी परत चढाला नेली. ठणठणीत चालली. न्यायशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात ते हेच. कारण असता कार्य असावे, आणि ते काढले की कार्य नाहीसे व्हावे. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मी दोन बदलल्या आणि तिसरी नकळत हलवली.

रुडॉल्फ डीझेलचे इंजिन ऑग्सबुर्गला 1897 साली यशस्वी झाले, तरी त्यात इंधन घालायला दाबलेल्या हवेचे अवजड यंत्र लागे; 1927 मध्ये बॉशचा पंप कारखान्यातून निघू लागला तेव्हा ते ट्रकमध्ये खरे रुळले. हवेची मदत सोडून चालायला शिकलेले हे इंजिन आता चिमूटभर हवेने अडते, याची मला तेव्हा गंमत वाटली. दुसऱ्या विचाराची मात्र गंमत वाटली नाही. जुना पंप परत बसवता येतो. ड्रायव्हरचे काय?

चिरेने त्याला निर्दोष ठरवले, असे मला म्हणता येत नाही. त्याने कधी डिझेलमध्ये हात मारला की नाही, हे त्या रबराला काय माहीत? मला एवढेच कळले, की माझ्याजवळ पुरावा नव्हता, नुसती नावड होती. आणि त्याला परत घ्यावे, तर नव्या ड्रायव्हरचा काय अपराध? एक अन्याय पुसायला दुसरा करावा लागणार. पगाराचे पैसे पाकिटात घालता येतात, पण अडीच महिने पेठेत 'चोरीपायी काढला' म्हणून फिरलेली वार्ता कोणत्या पाकिटात घालावी?

तरी गेलो. तो रंकाळ्याच्या बाजूला दुसऱ्याच्या टेम्पोवर होता. मी सगळे सांगितले. चुकलो, हेही सांगितले. पाकीट त्याने घेतले नाही. बराच वेळ काच पुसत राहिला. मग विचारले, "जोड कुठला, टाकीकडचा?"

"हो."

"मी म्हटलं न्हवतं?" तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "फिल्टरम्होरची क्लिप बी बदलून घ्या सर. ती बी जुनीच हाय."