मागे राहणारी हवा

गेल्या दिवाळीत नातू पुण्याहून पादऱ्याला आला तो काखेत कागदांची मोठी गुंडाळी घेऊन. मला वाटले, आकाशकंदिलाचा कागद असेल. फराळाच्या ताटल्या बाजूला सारून त्याने ती हिंचक्यावर उलगडली, तर आत शर्यतीच्या मोटारीची रेखाचित्रे! त्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुले विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी एका माणसाची छोटी फॉर्म्युला गाडी बांधत आहेत, आणि तिचा पुढचा व मागचा पंख कसा असावा हे ठरवण्याचे काम ह्याच्याकडे आले आहे.

"पंख? म्हणजे गाडी उडवायची आहे का रे?" त्याच्या आजीने विचारले.

"उडू नये म्हणून पंख, आजी!" तो म्हणाला.

मी पादऱ्याच्या शाळेत चौतीस वर्षे विज्ञान शिकवले, तेही गुजरातीतून. वर्गात जन्मभर 'दबाण' म्हटले, घरी 'दाब' म्हटले, आणि आता नातू 'प्रेशर' म्हणतो. हवा मात्र तिन्ही भाषांत सारखीच वागते. विमानाचा पंख उलटा करून गाडीला लावला की त्याच्या खालून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. ह्या खाली दाबणाऱ्या जोराला डाउनफोर्स म्हणतात. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. वळणावर गाडी बाहेर फेकली जात नाही ती ह्याच्या बळावर.

माझ्यातला मास्तर जागा झाला. टेबलफॅन काढला. पंख्याची हवा भोवरे घालत येते, म्हणून शीतपेयाच्या नळ्यांची मोळी बांधून त्याच्यापुढे ठेवली. त्यातून हवा सरळ होऊन बाहेर पडली. पुढ्यात पुठ्ठ्याची गाडी आणि तिच्या नाकासमोर देवघरातली अगरबत्ती. धुराची रेघ गाडीच्या नाकावरून सुरेख वर चढली, पंखावरून घसरली, आणि पंख संपताच विस्कटली. मागे नुसता गुंता. गंमत म्हणून मी त्या गुंत्यात एक काडेपेटी उभी केली आणि विचारले, "ही मागची गाडी. हिच्या वाट्याला काय येतं?"

"आजोबा, आमच्या स्पर्धेत बहुतेक वेळ एकेक गाडीच धावते. शर्यत घड्याळाशी. मागे कोणी नसतंच."

तो सहज बोलून गेला. मी मात्र त्या वाक्यापाशी अडकलो, तो अजून तिथेच आहे. आपण आपल्या वेगासाठी जो आकार निवडतो, त्याने मागच्याच्या वाट्याची हवा बिघडत असेल, तर त्याचे उत्तर आपण द्यायचे की नाही?

मागच्या हवेचा अनुभव मलाही आहे. तरुणपणी सायकलने बडोद्याला जाताना भाजीच्या ट्रकमागे लागायची आम्हाला खोड होती. पादऱ्याची भाजी पहाटे निघायची, तिच्या आडोशाने आम्ही. समोरचा वारा ट्रक अंगावर घ्यायचा, आमचे पाय हलके व्हायचे. नातू म्हणाला, शर्यतीतही सरळ रस्त्यावर असेच होते. पुढच्याच्या आडोशाने मागचा वेग घेतो. पण वळण आले की उलटे. तिथे मागच्याला स्वच्छ हवेचा दाब हवा असतो आणि मिळतो तो हा गुंता. पंख काम करीत नाहीत, चाके घसरतात, टायर तापतात. सरळ रस्त्यावर ज्याचा आधार, त्याचीच वळणावर अडचण.

ही अडचण किती मोठी, ह्याचे आकडे आहेत. २०२१ च्या फॉर्म्युला वन गाडीमागे दहा मीटरवर दुसरी गाडी आली, तर मागचीचा सुमारे ४६ टक्के डाउनफोर्स नाहीसा होई. म्हणजे हवेने दिलेली जवळपास अर्धी पकड गेली, आणि तीही चालकाची काही चूक नसताना.

ह्या खेळाचा इतिहास पाहिला तर प्रत्येकाची नजर पुढेच लागलेली दिसते. १९६८ मध्ये गाड्यांना उंच दांड्यांवर पंख बसू लागले. १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या शर्यतीत लोटस संघाच्या दोन्ही गाड्यांचे पंख मोडून भीषण अपघात झाले आणि त्यानंतरच्याच मोनाकोच्या शर्यतीत उंच पंखांवर बंदी आली. १९७८ मध्ये लोटसने गाडीच्या पोटाखालून हवा खेळवून तिला जमिनीला चिकटवले आणि मारिओ आन्द्रेत्ती जगज्जेता झाला. त्याच वर्षी ब्रॅबहॅम संघाने गाडीच्या पाठीला एक मोठा पंखाच बसवला. तो गाडीखालची हवा ओढून मागे फेकी. स्वीडनमध्ये निकी लाउडा ती गाडी घेऊन सहज जिंकला. प्रतिस्पर्ध्यांची तक्रार अशी, की हा पंखा रस्त्यावरची धूळ आणि खडे मागच्यांच्या तोंडावर उडवतो. त्या एका शर्यतीनंतर गाडी मागे घेण्यात आली.

ब्रॅबहॅमचा पंखा डोळ्यांना दिसत होता, म्हणून तक्रार झाली. इतरांच्या गाड्यांमागचा गुंता कोणाला दिसत नव्हता.

आपल्या देशात ही शर्यत पहिल्यांदा झाली ती २०११ मध्ये, ग्रेटर नोएडाला, ३० ऑक्टोबरला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २६ ला होते. नातू सहा-सात वर्षांचा. चकली हातात धरून माझ्या मांडीवर बसून त्याने ती पाहिली. सेबास्टियन वेटेल पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत पुढेच राहिला. त्याच वर्षी एक नवा नियम आला होता. पुढच्या गाडीपासून एका सेकंदाच्या आत असलेल्या मागच्या चालकाला, ठरावीक सरळ टप्प्यात, मागच्या पंखाची झडप उघडून हवेचा अडथळा कमी करता येई. मला तेव्हा वाटले, किती न्यायाचा नियम! आज वाटते, ती नुकसानभरपाई होती. मागच्याची हवा बिघडवायची आणि मग त्याला थोडी सवलत द्यायची. बिघडवणाऱ्याला कोणी काही विचारत नव्हते.

तो प्रश्न २०२२ मध्ये विचारला गेला. नियमच असे केले, की गाडीने आपल्या मागची हवा उंच उडवावी आणि मागच्याला शक्य तेवढी स्वच्छ हवा मिळू द्यावी. दहा मीटरवरचे नुकसान ४६ वरून १८ टक्क्यांवर येईल, असे नियम करणाऱ्यांचे गणित होते. सुरुवातीला फरक दिसलाही. पण संघासंघांतल्या हुशार माणसांनी नियमाच्या अक्षराला धक्का न लावता पुन्हा आपल्या सोयीचे आकार शोधले, चाकांजवळची विस्कटलेली हवा पुन्हा बाहेर ढकलली, आणि तीन वर्षांत मागून जाणे परत अवघड झाले. २०२६ च्या हंगामासाठी नियम पुन्हा बदलले. फसवणूक कोणी केली नाही. प्रत्येकाने आपले काम चोख केले, आणि सगळ्यांचे मिळून मागच्याचे नुकसान झाले.

शेजारचे पटेलकाका हे ऐकत झोपाळ्यावर बसले होते. ते म्हणाले, "साहेब, आगळ जोवानुं होय, पाछळ शुं जोवानुं?" शर्यतीत हे खोटेही नाही. ज्या संघाचा पगार घ्यायचा, त्याच्या गाडीला वेग देणे हेच आरेखकाचे कर्तव्य. प्रतिस्पर्ध्याची काळजी त्याने का वाहावी?

ह्यावर मला एका आरेखकाचेच उत्तर आठवते. एड्रियन न्यूई हा ह्या विद्येतला आजच्या काळातला सर्वात नावाजलेला माणूस. २०११ ची वेटेलची गाडीही त्याच्याच देखरेखीखाली तयार झालेली. १९९४ मध्ये तो विल्यम्स संघात होता. १ मे रोजी इमोला येथे त्या संघाची गाडी भिंतीवर आदळून आयर्टन सेना गेला. इटलीत वर्षानुवर्षे खटला चालला, न्यूई निर्दोष सुटला. तरी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्याने लिहिले आहे, की आपण अपराधी नाही, पण त्या गाडीचा हवेतला तोल आपल्याकडून बिघडलेला होता आणि ती जबाबदारी आपण बाळगतो. अपराध आणि जबाबदारी ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला त्या माणसाने शिकवले. अपराध दुसरे सिद्ध करतात. जबाबदारी मात्र आपली आपण उचलायची असते.

हे सारे मी रात्री जेवताना बोलत होतो. मुलगा शांतपणे ऐकत होता. तो बडोद्याजवळच्या एका रसायनाच्या कारखान्यात आहे. नातवाचे शिक्षण, ह्या घराचा वरचा मजला, माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन, सगळे त्या पगारातले. आणि वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल, बडोद्याच्या आसपासच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी १९८३ पासून एका कालव्याने वाहते. सुमारे पंचावन्न किलोमीटरचा तो कालवा आमच्या पादरा तालुक्यातून आणि पुढे जंबुसरमधून सारोदजवळ खंभातच्या आखाताला मिळतो. वाटेतल्या गावांच्या पाण्याच्या तक्रारी आम्ही वर्षानुवर्षे वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो.

मी मुलाला एवढेच म्हटले, "तुमच्या मागे काय राहतं, ते कधी पाहिलंस का?"

"नाना, आमचं सगळं नियमात आहे," तो म्हणाला. खोटे बोलत नव्हता. मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण तुम्ही तरी कुठे पाहिलंत?"

खरे होते. त्या काठच्या गावांतली मुले चौतीस वर्षे माझ्या वर्गात बसली. मी त्यांना हवेचा दाब शिकवला, पाण्याचे गुणधर्म शिकवले, परीक्षा घेतल्या. तुमच्या विहिरीचे पाणी कसे आहे, हे एकालाही विचारले नाही. कारखान्याच्या पगारावर मी मुलाच्याच आडोशाने सायकल हाकीत आलो आहे, आणि प्रश्न मात्र त्याला विचारतो आहे.

भाऊबीज झाल्यावर नातू परत निघाला. गुंडाळी बांधताना म्हणाला, "आजोबा, आमच्या स्पर्धेला लागत नाही, पण मागच्या हवेचंही गणित करून पाहतो."

"गुण मिळणार आहेत का त्याचे?"

"नाही. पण कळेल तरी."

कळल्याने हवा स्वच्छ होत नाही, हे मी जाणतो. फॉर्म्युला वनला कळूनही किती वर्षे गेली! पण मागे कोणी नसतेच, असे म्हणायची सोय तरी कळल्यावर उरत नाही. ह्या दिवाळीला तो आला की आम्ही तिघे त्या कालव्याच्या काठाने जाऊन येणार आहोत. मुलाने रजा टाकली आहे. मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तिथे भेटतो का, ते पाहतो आहे.