जिन्यावरचा दिवा आणि कर्माचा हिस्सा

एकच फळ अनेकांच्या हातून आले, तर त्याची जबाबदारी त्या सगळ्यांत वाटली जाते का? कर्मविचारातला हा जुना प्रश्न आहे आणि आपण त्याचे उत्तर सहसा घाईने देतो: दहा जणांनी मिळून केले, तर ज्याच्या त्याच्या वाट्याला दहावा हिस्सा. हे उत्तर मला मुळातच चुकीचे वाटते. ते का, हे दाखवायला गोंदिया, तिरोडा किंवा आमगावच्या कुठल्याही दुमजली घरातली एक जोडणी पुरेशी आहे. जिन्यावरचा दिवा खालूनही लावता येतो आणि वरूनही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचे काम शिकणारी मुले ही जिना वायरिंग बोर्डावर करून पाहतात.

टू-वे बटणाच्या मागे तीन स्क्रू असतात, त्यातला एक कॉमन. फेजची तार खालच्या बटणाच्या कॉमनला येते, वरच्या बटणाच्या कॉमनमधून दिव्याच्या होल्डरकडे जाते. न्यूट्रल थेट दिव्याला. दोन्ही बटणांचे उरलेले दोन-दोन स्क्रू दोन तारांनी एकमेकांना जोडलेले असतात. दोन्ही बटणे एकाच तारेवर टेकली की दिवा लागतो, वेगवेगळ्या तारांवर गेली की विझतो. साध्या बटणाकडे पाहून ते चालू आहे की बंद, हे सांगता येते. जिन्याच्या बटणाकडे कितीही वेळ पाहिले तरी सांगता येत नाही, कारण त्याच्या स्थितीला एकटीला अर्थच नाही. दुसरे बटण कुठे आहे त्यावर तो ठरतो. तिसऱ्या जागेहून दिवा लावायचा असेल तर मध्ये चार स्क्रूंचे इंटरमीजिएट बटण बसवतात. ते त्या दोन तारा कधी सरळ, कधी फुलीसारख्या उलट जोडते. अशी मधली बटणे कितीही वाढवली तरी नियम तोच राहतो.

नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या पहिल्याच प्रकरणात कारणांची जी तपासणी केली, तिचा निष्कर्ष इथे लख्ख दिसतो: फळ सुट्या कारणांत सापडत नाही आणि त्यांची मोळी बांधली तरी तीत आधीपासून ठेवलेले सापडत नाही. गीतेचा अठरावा अध्याय वेगळ्या वाटेने याच्या जवळ येतो. अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे मोजून तो सांगतो की स्वतःलाच एकटा कर्ता समजणाऱ्याला खरे दिसत नाही. इथवर दोन्ही परंपरांशी माझे भांडण नाही. घसरण पुढे होते. ‘मी एकटा कर्ता नाही’ यावरून आपण पटकन ‘म्हणजे माझ्याकडे थोडेच आहे’ इथे येतो, आणि तिथून ‘माझ्याकडे काहीच नाही’ फार लांब नसते.

जिन्याची जोडणी ही घसरण थांबवते. दोन साधी बटणे एकापुढे एक जोडली, तर दुसऱ्याने आपले बटण लावले नसताना माझे लावून उपयोग नसतो, आणि ‘तो करत नाही, मी काय करू’ म्हणायला जागा मिळते. तीच शेजारी-शेजारी जोडली, तर दुसऱ्याने लावल्यावर माझी गरज उरत नाही, आणि ‘झालेच आहे की’ म्हणता येते. जिन्यावर या दोन्ही सबबी चालत नाहीत. दुसरे बटण कसेही असो, माझा हात फिरला की अंधाराचा उजेड होतो किंवा उजेडाचा अंधार. अर्धा नव्हे, पूर्ण. वर उभ्या असलेल्याचीही तीच गोष्ट. म्हणजे फळ दोघांवर अवलंबून असूनही दोघांकडे पूर्ण जबाबदारी असू शकते. सामायिक म्हणजे विभागलेले, हा नियम मोडायला एवढे एक उदाहरण पुरते. विचारायचे ते इतकेच: आत्ताची स्थिती पाहता, माझ्या हाताने फरक पडतो का?

यावर एक खरोखर जड आक्षेप आहे. शेजारी-शेजारी जोडलेली दोन्ही बटणे दोघांनी एकाच वेळी लावली, तर एकट्याच्या हाताने फरक पडतच नाही. मग त्या दिव्याचा कर्ता कुणीच नाही का? हेच दिव्याऐवजी दोघांनी मिळून केलेल्या अन्यायाला लावा, म्हणजे आक्षेपाची धार कळते. फरकाची कसोटी इथे अपुरी पडते, हे मान्य करायला हवे. पण म्हणून हिस्सेवाटणी बरोबर ठरत नाही. बुद्धाच्या शिकवणीत चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्म आहे. दुसऱ्याची चेतना माझ्यासारखीच होती म्हणून माझी अर्धी होत नाही. दोघांनी हेतुपुरस्सर हात पुढे केला, तर दोघांचे कर्म पुरतेच घडले.

गोंदिया-भंडाऱ्याच्या या भागात ही चर्चा पुस्तकी नाही. 1954 साली भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवलेल्या डॉ. आंबेडकरांनी दोन वर्षांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये त्यांनी मांडले की जगाची नैतिक व्यवस्था ईश्वर सांभाळत नाही, माणसाचे कर्म सांभाळते. मागच्या जन्माच्या खात्यावर आजचे दुःख लिहायला त्यांनी नकार दिला. व्यवस्था सगळ्यांच्या कर्माने उभी आहे आणि तरीही प्रत्येकाला जाब आहे, हे दोन्ही त्यांनी एकत्र धरले. त्या विचाराचे मोठेपण मला यातच दिसते.

दुसरा आक्षेप सत्तेचा. सगळ्यांच्या हातात सारखे बटण नसते. कुणाकडे मेन स्विच असतो. हे खरे आहे, आणि गोंदिया जिल्ह्यातल्या तलावांइतके ते कुठेच स्पष्ट दिसत नाही. कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, ताब्यात होते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव झाले आणि सरकारकडे, पुढे बरेचसे जिल्हा परिषदेकडे आले. देखभाल मागे पडली, गाळ साचत गेला. मेन स्विच ज्याच्याकडे, त्याचा जाब मोठा. निधी आणि अधिकार असलेल्या कार्यालयाला ‘लोकसहभाग नाही’ म्हणून सुटता येणार नाही. पण त्याचा जाब मोठा झाल्याने पाटाच्या तोंडाशी शेत असलेल्या शेतकऱ्याचा लहान होत नाही, कारण इथे वजाबाकी नाहीच. पाळीतून पाणी झिरपताना त्याला दिसले, तर त्या घटकेला कार्यालय काय करते आहे याने त्याच्या समोरचा प्रश्न बदलत नाही. सांगायचे की नाही, चार टोपल्या माती टाकायची की नाही, हे पूर्णपणे त्याचे आहे. आणि खबर मिळाल्यावर माणसे पाठवायची की नाही, हे तितकेच पूर्णपणे कार्यालयाचे.