अनुशयविचार : धरलेली खोली कोणाची?



आषाढी जवळ आली की आमच्या नांदुऱ्यात दोन प्रश्न घरोघरी निघतात. गाडीचे तिकीट काढले का, आणि पंढरीत उतरायचे कोठे? पूर्वी याचे उत्तर सोपे होते. आपल्या फडाचा मठ, नाहीतर ओळखीचा वाडा, नाहीतर चंद्रभागेचे वाळवंट. आता भक्तनिवास आहेत, लॉज आहेत, आणि मोबाईलवर खोली धरण्याची सोयही आहे. त्या सोयीत एक सवलत असते : अमुक दिवसाच्या आत रद्द केल्यास सगळे पैसे परत. मग तरुण मंडळी म्हणतात, "महाराज, तीन ठिकाणी धरून ठेवू. ऐनवेळी बरी वाटेल ती घेऊ, बाकीच्या सोडून देऊ. पैसा तर जात नाही!" पैसा जात नाही हे खरे. पण दुसरे काही जाते की नाही, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की सौदा फिरवणे हा आजच्या काळाने काढलेला शोध नव्हे. मनूने व्यवहाराची अठरा पदे सांगितली, त्यांत 'क्रयविक्रयानुशय' हे एक पद आहे. अनुशय म्हणजे घेतल्यावर किंवा विकल्यावर वाटणारा पस्तावा. मनू घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला, दोघांनाही दहा दिवसांची मुदत देतो. याज्ञवल्क्य जिनसेप्रमाणे मुदत ठरवतो : बियाणे १० दिवस, लोखंड १ दिवस, ओझ्याचे जनावर ५ दिवस, रत्न ७ दिवस, दुभते जनावर ३ दिवस. का? तर बी उगवते की नाही ते एका दिवसात कळत नाही. लोखंडाची परीक्षा लगेच होते. नारद त्याच्याही पुढे जातो. घेतलेली वस्तू त्याच दिवशी जशीच्या तशी परत केली तर पूर्ण किंमत. दुसऱ्या दिवशी तिसावा भाग कापावा. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. पुढे वस्तू घेणाऱ्याचीच. आता बघा, लॉजवाल्याची पाटी आणि नारदस्मृती यांत तत्त्वाचा फरक काय राहिला? उशीर वाढेल तसा दुसऱ्याचा तोटा वाढतो, म्हणून कापही वाढतो. तात्पर्य, रद्द करण्याची मुभा ही अधर्म्य नव्हे. शास्त्राने मनुष्याचे चंचल मन ओळखूनच ती दिली आहे.

येथे कोणी म्हणेल, मग वाद कशाचा? मालकाने मुभा दिली, आम्ही घेतली. त्याने तिचा हिशेब भाड्यात धरलाच असेल. दोष कोणाचा?

यावर समाधान असे. स्मृतिकारांपुढे दोनच माणसे होती, घेणारा आणि देणारा. खोलीच्या व्यवहारात तिसरा एक असतो, आणि त्याला कोणी विचारलेले नसते. लोखंड चार दिवसांनी परत आले तरी ते लोखंडच राहते. आषाढी एकादशीची रात्र मात्र द्वादशीला विकता येत नाही. आपण तीन खोल्या धरल्या, तेवढ्यात कोणी म्हातारी सुनेला घेऊन आली, तिला 'जागा नाही' असे उत्तर मिळाले, ती निघून गेली. मागाहून आपण दोन खोल्या सोडल्या. मालकाशी आपला हिशेब चुकता झाला. त्या म्हातारीशी झाला काय हो?

ही केवळ कल्पना नव्हे. रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. कारण देताना रेल्वेने सांगितले की ६१ ते १२० दिवस आधी काढलेल्या तिकिटांपैकी सुमारे २१ टक्के रद्द होत, आणि ५ टक्के प्रवासी तर प्रवासही करीत नसत व तिकीटही रद्द करीत नसत. या पाच टक्क्यांचा विचार करा. गाडी नांदुऱ्याच्या फलाटावरून पुढे जाते, बाक रिकामा, आणि प्रतीक्षायादीतला माणूस घरी.

मीमांसक विकल्पाला अष्टदोषदुष्ट म्हणतात. व्रीहींनी यजन करावे किंवा यवांनी, असे दोन पर्याय मोकळे ठेवले की एक धरताना दुसऱ्याचे प्रामाण्य सोडावे लागते, पुन्हा ते धरताना पहिले सोडावे लागते. असे दोन्हीकडून चार-चार दोष. म्हणून गत्यंतर असेल तोवर विकल्प मानू नये, असा त्यांचा निर्णय. परंतु 'व्यवस्थित विकल्प' म्हणून एक प्रकार ते निर्दोष मानतात. ज्यात कोणता पक्ष केव्हा, हे निमित्तावरून किंवा अधिकारावरून ठरलेले असते, तो व्यवस्थित. हाच नियम खोलीला लावावा. घरात सुतक आले, ताप भरला, नदीला पूर आला, म्हणून सोडली, तर तो व्यवस्थित विकल्प. त्यात दोष नाही. 'बघू, मन करील तसे' म्हणून तीन धरल्या, तर तो इच्छाविकल्प. आठही दोष तेथे राहायला येतात, आणि भाडे दुसरा भरतो.

मालकानेही हे वाचावे. आषाढीला दर चढला म्हणून आधी घेतलेले आरक्षण ऐनवेळी मोडणे, हा विक्रेत्याचा अनुशय. मुदत गेल्यावर मनूने तो त्यालाही नाकारला आहे. तसेच मृत्यू झालेल्या घरचे सगळे पैसे ठेवून तीच खोली पुन्हा विकणे हे दुहेरी घेणे होय. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम सांगते की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी भरपाई वाजवी तेवढीच, आणि त्या आकड्याच्या आतच मिळावी. कायद्याला जे कळते ते माळ घातलेल्याला कळू नये काय?

आम्हां कीर्तनकारांनाही हे चुकत नाही. एका गावाची सुपारी घ्यायची, मोठ्या सप्ताहाचे बोलावणे आले की पहिल्या गावाला निरोप धाडायचा. बिदागी न घेतल्याने दोष फिटत नाही. मांडव घालून बसलेले गाव हेच येथले तिसरे माणूस.

असो. आचरण अवघड नाही. माणसे मोजून तेवढीच खोली धरावी, एकाच ठिकाणी धरावी. येणे नाही असे ठरले त्याच घटकेला सोडावी. पैसे परत मिळण्याची मुदत रात्री बारापर्यंत आहे म्हणून रात्री बारापर्यंत थांबू नये. पैसे बुडाले असले तरी कळवावे, कारण खोली तरी कोणाच्या उपयोगी पडेल. 'पैसे भरलेत, पडू दे रिकामी' हे शब्द वारकऱ्याच्या तोंडी शोभत नाहीत. आपण सोडलेल्या खोलीत कोण निजेल हे आपल्याला कधी कळणार नाही. कळण्याची गरजही नाही.

रामकृष्णहरि.