ऐब आणि हुनर

ज्या वस्तूवर जीव जडतो तिची खोटही माणसाला गोड वाटू लागते. वर्गात आम्ही उर्दूचे दोन शब्द शेजारी शेजारी शिकवतो. ऐब म्हणजे दोष आणि हुनर म्हणजे कसब. प्रेमाच्या भरात ऐबालाच हुनर म्हणावे काय? हा प्रश्न तपासायला दोन देशांतल्या दोन जुन्या मोटारसायकली उपयोगी पडतील असे आम्हांस वाटते.

पहिली इंग्लंडची ट्रायम्फ बॉनव्हिल टी 120. कॉव्हेंट्रीजवळच्या मेरिडन कारखान्याने ती 1959 चे मॉडेल म्हणून बाजारात आणली. 649 सीसीचे, दोन सिलिंडरांचे इंजिन. दिसायला देखणी, वळणावर हलकी. पण तिचे दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जात आणि एकाच वेळी खाली येत. त्यामुळे वेग वाढला की हादरे बसत, नट-बोल्ट सैल होत. इंजिनाची खालची पेटी दोन उभ्या भागांची होती. त्यांचा जोड तळापर्यंत जाई आणि तिथून तेल झिरपे. सुरू करायला किकशिवाय मार्ग नव्हता.

दुसरी जपानची होंडा सीबी 750. ऑक्टोबर 1968 मध्ये ती टोकियोच्या प्रदर्शनात दिसली आणि 1969 पासून विकली जाऊ लागली. 736 सीसी, चार सिलिंडर. दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येत, म्हणून हादरे बरेचसे आपसांतच जिरत. पेटीचा जोड आडवा, त्यामुळे जमिनीवर तेलाचा डाग नाही. पुढे डिस्क ब्रेक, आणि सुरू करायला बटण.

बॉनव्हिलचे चाहते म्हणतात, होंडात सगळे आहे, जीव तेवढा नाही. आमची गाडी आमच्याकडून मेहनत मागते, म्हणून ती आमची होते. यात तथ्य आहे. स्वतः सोडवलेले गणित मुलाच्या लक्षात राहते, हे आम्ही शिक्षक रोज पाहतो.

पण ही ग्वाही देणारे कोण? ज्यांच्या पायांत किक मारण्याचे बळ होते, हाती पाने होते आणि रविवार मोकळा होता ते. ज्यांच्यापाशी यांतले काही नव्हते, त्यांनी ती गाडी घेतलीच नाही. शाळेतही हेच घडते. छडी खाल्ली म्हणून घडलो, असे माजी विद्यार्थी मेळाव्यात अभिमानाने सांगतात. छडीच्या धाकाने शाळा सोडून गेलेली मुले मेळाव्याला येत नाहीत.

चाहता दोष सोसतो, हा त्याचा मोठेपणा. त्या मोठेपणावर बनवणाऱ्याचा हक्क नाही. बॉनव्हिलला डिस्क ब्रेक 1973 मध्ये मिळाला आणि बटण 1980 मध्ये. दरम्यान 1973 मध्येच मालकांनी मेरिडन बंद करण्याची घोषणा केली. कामगारांनी कारखान्यात ठिय्या दिला, 1975 पासून सहकारी तत्त्वावर तो चालवून दाखवला, आणि 1983 मध्ये तो कायमचा बंद झाला. कारणे अनेक होती. पण सुधारणेला झालेला उशीर त्यांतले एक होते, आणि त्याची किंमत मोजली ती निर्णय ज्यांच्या हाती नव्हते अशा कुशल हातांनी.

पुढे नव्या मालकाने हिंकली येथे कारखाना उभारला. तिथून 2001 चे मॉडेल म्हणून नवी बॉनव्हिल आली. रूप जुने, सुरू होई बटणावर. तिलाही चाहते मिळाले. म्हणजे लोकांचे प्रेम होते ते त्या घडणीवर आणि त्या चालीवर. तेलाचा डाग हा तिचा आत्मा कधीच नव्हता.

आपल्या घरात, शाळेत, समाजातही अशा किती खोटी आपण ‘आमची रीत’ म्हणून जपतो! त्या सोसणाऱ्यांचे कौतुक जरूर करावे. पण दुरुस्त करणे ज्यांच्या हाती आहे, त्यांनी त्या कौतुकाआड लपू नये.